धान्य आगाऊ पोहोचते, मग काम का नाही?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्लकोटा नदीला पूर आला, भामरागडचा संपर्क तुटला, ही बातमी आपल्या पेपरात जवळपास दर पावसाळ्यात येते. पुलावरून वाहणारे पाणी, डोंग्यातून नेलेला पेशंट, बाजारपेठेत शिरलेली नदी, असे फोटोही येतात. पाणी उतरले की विषय संपतो. पण त्या दिवसांत इथला माणूस कमावतो काय, हे कुठे छापून आलेले मी वाचलेले नाही. म्हणून हे पत्र.

भामरागड इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्यांच्या संगमावर आहे. गडचिरोली मुख्यालय सुमारे १८० किलोमीटर लांब. पर्लकोटेवर पाणी चढले की बाहेर जाणारा आलापल्लीचा रस्ता बंद, आणि तालुक्याचे गाव म्हणजे बेटच. आतल्या गावांची गत त्याहून वाईट. आत लाहेरी, त्याच्याही पुढे गुंडेनूर नाल्यापलीकडे डोंगरात बिनागुंडा. तिकडे नदी शांत असली तरी नाले आडवे येतात. त्यामुळे पर्लकोटेवर कितीही उंच पूल बांधला तरी आतल्या माडिया आदिवासी माणसाचा पावसाळा काही बदलणार नाही.

माझे तालुक्यात किराणा दुकान आहे. गावात हाताला काम आहे की नाही, हे मला उधारीच्या वहीवरून कळते. जुलैत रोवणी असते, तेव्हा सगळे बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. ऑगस्टच्या मध्यावर रोवणी उरकते आणि धान निघायला नोव्हेंबर उजाडतो. मधल्या दिवसांत वहीची पाने भराभर भरतात. दहा रुपयांचे तेल, तेही पिशवीत बांधून. मीठ, हळद, साबणाची अर्धी वडी. शाळेत गेलेल्या पोरासाठी एक पेन. मागणारा माणूस दारातच उभा राहतो, आत येत नाही, आणि बोलायच्या आधी खाली बघतो. पण तांदूळ सहसा कोणी उधार मागत नाही. कारण रेशनचा तांदूळ पूर येण्याच्या आधीच गावात येऊन पडलेला असतो.

मला सांगायचे आहे ते इथेच. नवसंजीवन योजनेत संपर्क तुटणाऱ्या गावांना पावसाळ्याचे चार महिन्यांचे धान्य आधी पोहोचवतात. ही चांगली व्यवस्था आहे आणि तिच्यामागे राबणाऱ्या लोकांबद्दल मला आदर आहे. कोणत्या गावाचा रस्ता कधी बंद होतो, तिथे किती कार्ड आहेत, ट्रॅक्टर कुठपर्यंत जातो, हे सगळे प्रशासनाला तोंडपाठ आहे. मग त्याच यादीवर त्या चार महिन्यांचे काम आधी मंजूर का होत नाही?

काम मागायचा हक्क आपल्या राज्याला नवा नाही. रोजगार हमीचा कायदा महाराष्ट्राने १९७७ मध्ये केला, देशाने २००५ मध्ये. अर्ज केल्यापासून १५ दिवसांत काम, नाही तर बेरोजगार भत्ता, असा नियम आहे. आमच्याकडे काय होते? माणूस तोंडी काम मागतो. अर्ज दिला तरी तारखेची पोच हातात पडत नाही, आणि पोच नसली की भत्त्याचा दावाच उभा राहत नाही. तो भत्ता मिळालेला एकही माणूस माझ्या ओळखीत नाही. कामाचे अंदाजपत्रक, मंजुरी, मोजमाप करणारा अभियंता, सगळे नदीच्या पलीकडून यायचे, आणि नेमके तेव्हाच नदी भरलेली असते. त्यात २०२३ पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा मोबाइलवर फोटो काढून लावायची सक्ती आली. पुरात वीज जाते, टॉवर बंद पडतो. फोटो वर चढला नाही तर त्या मजुराची हजेरी कोण धरणार?

पूर्वी या जंगलात कागद कारखान्यासाठी बांबूचे कूप, म्हणजे तोडणीसाठी आखलेले जंगलाचे पट्टे, चालायचे. हिवाळाभर तोडाईचे काम मिळे. मजुरी कमी होती, त्यावरून भांडणेही झाली, पण काम घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर होते. ते गेले. राहिला तेंदूपत्ता, म्हणजे बिडीचे पान. उन्हाळ्यात दोन-तीन आठवडे अख्खे घर पहाटे जंगलात जाते, दुपारी अंगणात बसून सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधते आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे पाने गोळा करण्याच्या जागी, ठेकेदाराच्या दिवाणजीपुढे मोजून देते. वर्षाची सगळ्यात मोठी रोकड हीच. आता बिडी ओढणारे कमी झाले. ठेकेदार ज्या वर्षी भाव पाडून मागतो किंवा फिरकतच नाही, त्या वर्षी ती रोकडही हातची जाते.

मग उरते मिरची तोडाई. जानेवारीपासून बायाबापड्या, पोरे-पोरी गोदावरी ओलांडून तेलंगणात जातात. शाळेतली मुले मधूनच सोबत नेली जातात. रात्री हातांची इतकी आग होते की झोप लागत नाही, असे परत आलेल्या पोरी सांगतात. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये हेच मजूर तिकडे अडकले होते आणि कित्येक जण उन्हात पायी घरी आले. ते चित्र पाहून तरी काही बदलेल असे वाटले होते. दर जानेवारीला गाड्या पुन्हा भरतात.

बारावी, आयटीआय झालेल्या पोरांचे दुःख आणखी वेगळे. ती नागपूर-हैदराबादला वॉचमनची, हेल्परची नोकरी धरतात, ठेका संपला की परत येतात. सुरजागडच्या लोहखनिजाच्या खाणीने शेजारच्या एटापल्लीकडे काही पोरांना काम दिले, ते मी नाकारत नाही. पण एका खाणीत सगळ्या मुलखाची पोरे मावणार नाहीत.

आमच्या जंगलात माल नाही असे कोणी म्हणू शकत नाही. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ मध्ये आलापल्लीच्या जंगलातले सागवान गेले, याचा आम्हा सगळ्यांना अभिमान आहे. आणि जंगलातून गावातच काम उभे करता येते, हे धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने कधीच दाखवून दिले. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांना सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगल सांभाळायचा आणि त्यातला माल काढून विकायचा गावाचा हक्क, मिळाला. बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी पुढे दोन वर्षे झगडावे लागले, तो २०११ मध्ये हाती आला. मग ग्रामसभेने स्वतः बांबू तोडला, विकला आणि गावातच मजुरी वाटली. जिल्ह्यात आज हजाराहून जास्त गावांकडे असा हक्क आहे. आमच्या तालुक्यातल्या गावांकडेही आहे. पण कागद हातात आला म्हणून पुढचे आपोआप होत नाही. हिशेब ठेवायला शिकवणारा माणूस लागतो, माल साठवायला कोरडी जागा लागते.

त्या जागेअभावी मोहाचे काय होते, ते बघा. मार्च-एप्रिलमध्ये घरोघरी मोहफूल वाळत असते आणि हाताला पैसा नसल्याने पडेल त्या भावात व्यापाऱ्याला जाते. तोच मोह ऑगस्टमध्ये हेच लोक चढ्या भावाने परत घेतात. हा व्यवहार माझ्या दुकानासमोर होतो. गावात पक्के गोदाम आणि मोह ठेवल्यावर थोडी उचल मिळाली, तर निम्मी उधारी मुळात होणारच नाही.

जिल्हाधिकारी साहेबांना आपल्या पेपरातून विनंती आहे की मे महिन्यात मान्सूनपूर्व आढावा बैठक होते, तेव्हा धान्याच्या यादीला लागून कामांची यादी ठेवावी. रोपवाटिका, बांबूच्या रांज्यांची (बेटांची) सफाई, बांध्यांची दुरुस्ती, गावातले रस्ते, गोदामाचे आतले काम, अशी कामे ग्रामसभेकडून लिहून घेऊन जूनच्या आधी मंजूर करावीत. कामाच्या प्रत्येक अर्जाला तारखेची पोच द्यावी. नेटवर्क नसलेल्या गावात पूर असेपर्यंत कागदी हजेरीपट चालवावा. आणि मजुरीसाठी माणसाला नाले ओलांडून बँकेत यायला लावू नये, पैसे घेऊन माणूस गावात पाठवावा. धान्याचा ट्रॅक्टर जिथपर्यंत जातो, तिथपर्यंत तोही जाऊ शकतो.

आपला,
एक किराणा दुकानदार
ता. भामरागड, जि. गडचिरोली