आधी श्वास सोडायला सांगा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीच्या परीक्षा सुरू झाल्या की प्रश्नपत्रिका हातात पडताच एखाद्या मुलीला चक्कर येते, एखाद्या मुलाचे हातपाय कापू लागतात. आजूबाजूचे सगळे कळकळीने सांगतात, ‘मोठा श्वास घे.’ या सल्ल्याने त्रास बहुधा वाढतो.

घाबरलेले मूल आधीच गरजेपेक्षा जास्त श्वास घेत असते. एरवी मिनिटाला १२ ते १८ वेळा चालणारा श्वास २५-३० वर गेलेला असतो. बोटाला ऑक्सिमीटर लावला तर तो ९८-९९ दाखवतो, म्हणजे ऑक्सिजन भरपूर आहे. भराभर श्वासामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड मात्र वाजवीपेक्षा जास्त बाहेर पडतो. तो घटला की मेंदूच्या रक्तवाहिन्या आकसतात, डोके हलके होते, अक्षरे अंधुक दिसतात. रक्तातले मोकळे कॅल्शियमही कमी होते. त्यामुळे ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, कधी बोटे ताठ होऊन अंगठा तळव्यात वळतो. पेन धरता येईना की मूल आणखी घाबरते, आणि पुन्हा ‘श्वास पुरत नाही’ म्हणून हवा ओढते.

अशा मुलाला बाकावरच टेकून बसवा, पाय जमिनीवर, खांदे सैल. पहिली सूचना ‘तोंडाने हळूहळू सोड’ अशी द्या. ओठ शिट्टीसारखे करून सगळी हवा सोडू द्या, मग नाकाने साधा श्वास घेऊ द्या. सुरुवातीला दोन अंक मोजून घेणे आणि तीन मोजून सोडणे एवढेच जमते. हळूहळू चार आणि सहावर न्या. पोटावर हात ठेवायला सांगा. पोटाऐवजी खांदे वर उचलले जात असतील तर श्वास अजून वरवरचाच आहे. बरोबरच्याने स्वतः तसाच श्वास घेत शांत आवाजात अंक मोजले की मूल लवकर लयीत येते. बहुतेकांच्या मुंग्या पाच-दहा मिनिटांत ओसरतात.

कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. तोंडाला कागदी पिशवी लावण्याची जुनी पद्धतही सोडून द्या, कारण त्रास दम्याचा किंवा हृदयाचा असला तर ती घातक ठरते. धाप लागलेली असताना पाणी पाजले तर ठसका लागतो. खरोखर शुद्ध हरपत असेल तर आडवे झोपवून पाय उंच करावेत. दम्याच्या मुलाला आधी त्याचा पंप द्यावा. छातीत घरघर, निळसर ओठ किंवा न थांबणारे छातीत दुखणे दिसले तर थेट रुग्णालय गाठावे.

पेपरआधी पुन्हा पुन्हा संडासला जावे लागते, त्याला घरचे नाटक म्हणतात, याचे फार वाईट वाटते. ताणात जठराचे काम मंदावते आणि मोठ्या आतड्याचे वाढते, म्हणूनच मळमळ आणि घाई एकदम होते. या मुलांना रागावू नका. सकाळी हलके खायला द्या आणि केंद्रावर वेळेआधी पोहोचवा.

श्वासाची ही रीत ऐन वेळी शिकता येत नाही. परीक्षेच्या दोन-तीन आठवडे आधीपासून सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटे करून ती अंगवळणी पडावी लागते. जागरणासाठी रात्री नऊला घेतलेल्या कॉफीतले साधारण निम्मे कॅफीन पहाटे दोनलाही अंगात असते. या वयाला आठ तास तरी झोप हवी, आणि झोप तुटलेल्या मुलाची धडधड क्षुल्लक कारणानेही सुरू होते.

केंद्रसंचालकांना विनंती, की परीक्षेआधीच्या पर्यवेक्षकांच्या सभेत दहा मिनिटे यासाठी द्यावीत आणि हे प्रत्यक्ष करून दाखवावे. भीती पेपरपुरती न राहता झोप-जेवण बिघडवू लागली किंवा मूल जगणे नकोसे झाल्याचे बोलले, तर परीक्षा संपायची वाट पाहू नये. १४४१६ या ‘टेली-मानस’ (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर मराठीतून, दिवसरात्र आणि मोफत बोलता येते.

– शालेय आरोग्य क्षेत्रातील डॉक्टर व समुपदेशक