पायाखालचं मोजलं, डोक्यावरचं कधी मोजणार?

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य, यांस
स. न. वि. वि.

मी पाटण तालुक्यातला निवृत्त शिक्षक. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा भूकंप माझी आई सांगायची तो गोठ्यापासून. भिंत बाहेरच्या अंगाला पडली म्हणून म्हशी वाचल्या. आमच्या खोऱ्यात आजही मांडणीवरची भांडी वाजली की पोरं “आला” म्हणतात आणि पुढचा घास घेतात.

या भूकंपांचा अभ्यास झाला, याचं मला कौतुकच आहे. कराडला केंद्र सरकारची प्रयोगशाळा आहे. गोठण्याला तीन किलोमीटर खोल भोक पाडलं. सुमारे सव्वा किलोमीटर काळा कातळ संपल्यावर खाली ग्रॅनाइट लागला. कोयना धरणाच्या पाण्याने जमीन का हलते, हे समजून घ्यायला जगभरचे शास्त्रज्ञ इथे येतात.

पण साहेब, २२ जुलै २०२१ ला याच तालुक्यातली आंबेघर, मिरगाव, ढोकावळे ही गावं दरडीखाली गेली, ती भूकंपाने नव्हे. वर महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला होता. त्याच दिवशी महाडकडे तळिये गेलं. पायाखालची जमीन तीन किलोमीटर खोल तपासली, डोक्यावरचा डोंगर मात्र तसाच राहिला.

उतारावर झिजलेल्या खडकाची माती, खाली घट्ट कातळ. पाणी मातीत मुरतं, कातळावर अडतं, माती जड होते आणि तिची पकड सुटते. आधी खुणा दिसतात: झऱ्याचं पाणी गढूळ होतं, भलत्याच जागी उमाळा फुटतो, झाडं कलतात, माथ्याला भेग पडते. म्हातारी माणसं हे ओळखतात. त्यांनी सांगितलेलं लिहून घ्यायला सरकारी कागदात रकाना नाही, एवढंच.

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. म्हणजे नकाशावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर अर्धा किलोमीटर. तेवढ्यात आमची वाडी, वरचा कडा आणि खालचा ओढा सगळं टिंबात बसतं. दरडीखाली गेलेली इर्शाळवाडी तर धोकादायक गावांच्या यादीतच नव्हती, हे जुलै २०२३ मध्ये सरकारनेच सांगितलं. माळीण गाव दरडीखाली जाऊन तोवर नऊ वर्षं होत आली होती.

पावसाचंही तेच. महावेध या सरकारी प्रकल्पाची हवामान केंद्रं महसूल मंडळागणिक आहेत. मंडळाचा आकडा खाली पडलेल्या पावसाचा, आणि दरड सुटते माथ्यावरच्या पावसाने. माथ्यावर पर्जन्यमापक बसवा, आकडा वाडीतल्या फोनवर येऊ द्या. वस्तीवरच्या उतारांचे मोठ्या प्रमाणाचे नकाशे करा. आणि भूकंपवाले व दरडवाले एका टेबलाशी बसवा. वर्षानुवर्षं हादरे खाल्लेला उतार पावसात लवकर सुटतो का, हा प्रश्न विचारायला कोयनेएवढी चांगली जागा देशात दुसरी नसावी.

सध्या आमच्या वाट्याला येते ती जूनमधली नोटीस: सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे. सुरक्षित स्थळ म्हणजे शाळेच्या दोन खोल्या. माणसं तिथे जातात, पण गुरं वरच असतात. धार काढायला पहाटे बायका परत वर चढतात, भर पावसात. कुठल्या रात्री जायचं आणि कुठल्या रात्री नाही, हे सांगता आलं तर त्या नोटिशीला कुणी हसणार नाही.

आमच्या वाडीच्या वर एक भेग आहे. शाळेतल्या मुलांनी दोन्ही काठांवर खुंट्या ठोकून सुतळी बांधली आणि दर महिन्याला टेपने अंतर मोजून वहीत लिहिलं. दोन पावसाळ्यांत चार बोटं वाढलंय. पाऊस लागण्याआधी एखादा भूवैज्ञानिक पाठवा. गाडी देवळापर्यंत येते, पुढे पाऊण तास चढ आहे. वही मी घेऊन येतो.

आपला,
कोयना खोऱ्यातला एक निवृत्त शिक्षक