नॅटली डी ब्लॉइस यांची इमारत

महोदय,
न्यूयॉर्कमधील २७०, पार्क ॲव्हेन्यू हे युनियन कार्बाइडचे ५२ मजली मुख्यालय १९६० मध्ये उभे राहिले. (भोपाळमुळे हे नाव आपल्याला नकोसे वाटते, पण त्यात इमारतीचा काय दोष?) जमिनीखाली ग्रँड सेंट्रल स्थानकाचे रूळ असल्याने लिफ्टसाठी खड्डे खणता येईनात, म्हणून लिफ्ट थेट दुसऱ्या मजल्यापासून सुरू केल्या. काच-पोलादाचा हा डौल बराचसा वास्तुविशारद नॅटली डी ब्लॉइस यांचा. श्रेय मात्र वर्षानुवर्षे त्यांचे वरिष्ठ सहकारी वास्तुविशारद गॉर्डन बनशाफ्ट यांनाच मिळत राहिले. २०१२ च्या सुमारास पर्यावरणस्नेही नूतनीकरण होऊनही २०१९ ते २०२१ दरम्यान ती पाडली गेली. डी ब्लॉइस यांच्या नावाची पाटी तिथे कधीतरी लागायला हवी होती.

– एक वास्तुप्रेमी वाचक