ताई, त्या एका तासासाठी थँक्यू

ताई, तुम्हाला मी आठवत पण नसेन, सातव्या महिन्यात तुमच्या क्लासला मागे बसून मोबाईल बघणारी ती मीच. खरं सांगू, तेव्हा वाटलेलं दूध पाजण्यात शिकायचं काय, बाळ झालं की जमेल आपोआप. मग तुम्ही ती कापडी बाहुली माझ्याच हातात दिलीत, म्हणालात घे बघू पाजायला, आणि मी अशी धरली की तिची मान एकीकडे अन् पोट दुसरीकडे. सगळ्या हसल्या, तुम्ही नाही हसलात.

डिलिव्हरीनंतर दुसऱ्या रात्री बाळ नुसतं रडत होतं, अर्ध्या अर्ध्या तासाने प्यायला मागायचं आणि मला येत होतं काय तर थेंब थेंब पिवळसर चीक, आई म्हणाली याचं पोट भरत नाहीये गं, पावडरचं देऊया का. मी हो म्हणणारच होते, शंभर टक्के! पण तुमचं बोलणं आठवलं की पहिल्या दिवशी त्याच्या पोटात एका वेळी जेमतेम ५ ते ७ मिली मावतं, चीक पुरतो त्याला, भरपूर दूध उतरायला २ ते ४ दिवस लागतात, आणि उगाच वरचं दिलं की बाळ कमी ओढतं मग दूधही कमीच बनतं. परत छातीशी घेतलं. चौथ्या दिवशी दूध उतरलं.

मधे निपलला चिरा पडल्या, रडले मी. मग बाहुली आठवली, करंगळीने बाळाचं तोंड सोडवलं, त्याने मोठा आ करेपर्यंत थांबले, हनुवटी छातीला टेकवून भोवतीचा काळा भागही तोंडात जाईल असं धरलं, तेव्हा कुठे दुखायचं कमी झालं. हे असं दुखत असताना पहिल्यांदा कुणी सांगितलं असतं ना तर डोक्यात शिरलंच नसतं.

पाण्यावरून पण घरी वाद झाला, एवढ्या उकाड्यात घोटभर तरी द्या म्हणे. आईच्या दुधात ८७ टक्क्यांच्या आसपास पाणीच असतं हे सांगून कोण ऐकतंय, शेवटी तुमचीच युक्ती, शू मोजा. पाचव्या दिवसानंतर २४ तासात ६ तरी व्हायला हव्यात, आई रोज कॅलेंडरवर रेघा मारायची, कधी ८ व्हायच्या, मग गप्प बसली.

आणि एक, ज्यांना डॉक्टरांनीच वरचं द्यायला सांगितलं त्यांना तुम्ही कधी कमी लेखलं नाहीत, ते मला फार आवडलं.

परवा ६ महिने पूर्ण होतायत. वहिनीला आता पाचवा लागलाय, आई स्वतःच तिला घेऊन येणारे तुमच्याकडे.