तांदळावर तांदूळच दळतात का हो?

संपादक महाशय, नमस्कार.

कालच्या पुरवणीत तांदळाच्या पिठीवर अख्खं पान दिलंत, फोटो छान होते. घावन, अनारसे, लहान बाळांचं खाणं, फेस पावडर, झालंच तर वारली चित्रातला पांढरा रंग, सगळं एका पानात कोंबलंय, वाचायला बरं वाटलं. पण खाली ती चौकट कुणी टाकली? पिठी ग्लूटेन-फ्री असते (म्हणजे कणकेला चिकटपणा देणारं गव्हातलं प्रथिन तिच्यात नसतं), गहू चालत नाही त्यांनी बिनधास्त खावी, 'जवळच्या गिरणीतून ताजी दळून आणा'. हे लिहिणारे कधी पिशवी घेऊन गिरणीत उभे राहिलेत का?

तांदळात ग्लूटेन नसतं, मान्य. आधी दळलेल्या गव्हाचं गिरणीच्या दगडात राहतं त्याचं काय. माझ्या भाचीच्या मुलाला सिलिअ‍ॅक आहे, गहू पोटात गेला की आतड्यालाच इजा होते. मागच्या गणपतीत तो येणार म्हणून आंबेमोहोर धुऊन, पंचावर सावलीत वाळवून मी स्वतः दळायला नेला आणि गिरणीतल्या पोराला दोनदा बजावलं, बाबा तांदळावर तांदूळच दळ. कानात इअरफोन, 'हो काकी' म्हणाला आणि कुणाचे तरी दहा किलो गहू उतरले तसे लगेच माझे तांदूळ वर ओतले. मी ओरडले तर म्हणे पहिली दोन मुठी बाजूला काढतो ना! घरी येऊन बघते तर पिठीला तांबूस झाक. तेव्हाच टाकून द्यायला हवी होती, पण किलोभर आंबेमोहोर टाकवेना, बारीक चाळणीने चाळून घेतली, जसा काही गहू चाळणीत अडकून बसणार होता. पोराने तूप घालून दोन मोदक खाल्ले आणि रात्रभर पोट धरून बसला. भाची मला एका शब्दाने बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

पाकिटावर ग्लूटेन-फ्री छापायचं तर किलोमागे 20 मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन चालत नाही, एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेचा नियम आहे. 20 मिलिग्रॅम म्हणजे चिमूटभरसुद्धा नाही हो, आणि तुम्ही सांगताय गिरणीतून आणा. आता मी घरीच मिक्सरला दळते, त्यासाठी भांडंही वेगळं ठेवलंय, पिठी जरा भरड येते, येऊ दे.

बरं, मोदकाच्या कृतीत 'कोमट पाण्यात मळा' असं छापलंय. ग्लूटेन नाही म्हणूनच तर उकड काढतात ना? पाणी खळखळ उकळायला हवं, त्यात पिठी घालून झाकण ठेवून दणदणीत वाफ आणली की स्टार्च फुलतो आणि मग कुठे पारीला कळ्या पडतात. कोमट पाण्यात मळलेल्या पारीला चिराच पडणार, लेख लिहिणाऱ्यांनी एकदा करून बघावं.

कापडाला स्टार्च लावतात हे तुम्ही नवी माहिती म्हणून दिलंय, आमचे वडील लालबागला गिरणीत (ही दुसरी गिरणी, कापडाची) सायझिंग खात्यात होते, मागावर ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ लावायचे, आमच्याकडे हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. असो.

आणखी एक, कृतीचा उरलेला भाग पान 4 वर बघा असं लिहिलंय. पान 4 वर बिल्डरची पानभर जाहिरात आहे. सारण कुठे छापलंय तेवढं कळवा.

तुमची जुनी वाचक,
लालबाग, मुंबई