आप्पांना आत जायचंय

प्रिय विज्या,

उत्तराला फार उशीर झाला, रागावू नकोस. इकडे सगळे बरे. आईचा गुडघा आहे तसाच.

आप्पांच्या कॉम्प्युटरचं तुलाच सांगायचंय. ऑक्टोबर २०२५ मध्ये विंडोज १० चा सपोर्ट संपला, त्यांच्या जुन्या मशीनवर ११ चढेना, म्हणून मी विंडोजऐवजी फेडोरा सिल्व्हरब्लू हे लिनक्स टाकून दिलं. तू म्हणशील, तुझं आर्च लिनक्स का नाही? अरे, जून २०२५ आठव! आर्चमध्ये लिनक्स-फर्मवेअरचं, म्हणजे हार्डवेअरला लागणाऱ्या फाइलींचं, अपडेट अडलं, जुनं पॅकेज हाताने काढून मग पुढे जायचं होतं. तू चहा गार व्हायच्या आत उरकलंस, वर मी जुनं, सावकाश बदलणारं डेबियन लिनक्स वापरतो म्हणून मला ‘डेबियनवाले आजोबा’ म्हणालास. आप्पांनी काय केलं असतं?

सिल्व्हरब्लूमध्ये मूळ सिस्टीमला धक्काच लागत नाही. अपडेट बाजूला तयार होतं, रीस्टार्टनंतर लागू होतं, आणि बिनसलं तर बूट मेनूतली आधीची ओळ निवडायची. एकदा खरंच बिनसलं. फोनवर सांगितलं, आप्पांनी बाणाने खाली जाऊन एंटर दाबलं, झालं काम. केवढं हायसं वाटलं!

मग प्रिंटर निघाला. त्या जुन्या लेझरच्या ड्रायव्हरला थेट यूएसआर या सिस्टीमच्या मूळ फोल्डरमध्ये फाइली टाकायच्या असतात आणि सिल्व्हरब्लूमध्ये ती जागा रीड-ओन्ली, नुसती वाचायची. आप्पा दुपारभर विकी वाचत बसले, सुडो, म्हणजे अ‍ॅडमिनचे अधिकार देणारी आज्ञा, लावून पाहिलं. रात्री फोनवर म्हणाले, “पासवर्ड माझा, मशीन माझं, मग मलाच आत का जाता येत नाही रे?”

विज्या, तेव्हापासून हेच डोक्यात आहे. गल्लीतले सगळे रेडिओ खोलून दुरुस्त करणारा माणूस हा. ज्याला नुसतं बँकेचं आणि मेलचं काम करायचंय, त्याला बंदिस्त सिस्टीमच द्यावी, हे माझं मत कायम आहे. पण आप्पांना आत काय चाललंय ते बघायचंय, आणि या वयात कुणाला ते बघावंसं वाटतं याचा मला फार आनंद झालाय. तो मोडायचा नाही.

म्हणून डेबियन १३. एलटीएस, म्हणजे वाढीव मुदतीचा सपोर्ट, धरून जून २०३० पर्यंत सुरक्षेची अपडेट्स मिळतील. पॅकेजेस जुनी राहतात, राहू देत. नवं काही लागलं तर फ्लॅटपॅक आहे, त्यातून अ‍ॅप वेगळं टाकता येतं. बिघडलंच तर सिस्टीमची आधीची स्थिती जपून ठेवणाऱ्या टाइमशिफ्टने मागे येता येईल. आर्च मात्र नाही, कितीही भांड. महिनोन्‌महिने अपडेट राहिलं की तिथे सगळं एकदम अंगावर येतं.

नवी नोकरी कशी आहे? वहिनींच्या बदलीचं काय झालं? सविस्तर लिही.

आणि एखाद्या रविवारी ये. इन्स्टॉल आप्पा स्वतः करणार आहेत, पण पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कचे भाग पाडायच्या, पायरीला तू शेजारी हवास. त्याच डिस्कवर घरातले सगळे फोटो आहेत.

तुझा,
सुध्या