विग्दीस हे नाव, फिन्बोगादोत्तिर हे आडनाव नव्हे

मा. संपादक,

आपल्या महिला पुरवणीत आइसलंडच्या माजी राष्ट्राध्यक्ष विग्दीस फिन्बोगादोत्तिर यांच्यावर लेख आला. लोकांच्या मतांनी निवडून आलेल्या जगातल्या त्या पहिल्या महिला राष्ट्राध्यक्ष. १९८० ते १९९६ अशी सोळा वर्षं त्या पदावर होत्या. मात्र लेखात सगळीकडे ‘श्रीमती फिन्बोगादोत्तिर’ असं छापलंय आणि विग्दीसचा अर्थ ‘उजाडलेला दिवस’ असा दिलाय. या दोन्ही चुका आहेत.

‘दीस’ ऐकून आपल्या वऱ्हाडी माणसाला दिवसच आठवणार. पण या दीसचा दिवसाशी संबंध नाही. आइसलंडी ज्या भाषेतून आली त्या जुन्या नॉर्स भाषेत ‘वीग’ म्हणजे लढाई आणि ‘दीस’ म्हणजे घराण्याची राखण करणारी, त्याचं बरंवाईट ठरवणारी स्त्रीदैवत. आपल्याकडे सातीआसरांना नैवेद्य दाखवतात, तसं तिकडे ख्रिस्ती धर्म येण्याआधी दीसांना बळी देत. थोरदीस, हेर्दीस, ह्योर्दीस ही नावंही याच घडणीची. ह्योर म्हणजे तलवार. तरीही ‘लढाईची देवी’ असा सरळ अर्थ लावू नये. नावांचे ठरलेले तुकडे असत, त्यातले दोन जोडून बाळाचं नाव होई. जोडून अर्थ लागलाच पाहिजे, असं काही नव्हतं.

आता दुसरा शब्द. ‘किसन’चं ‘किसनाची पोरगी’ होताना ‘न’चा ‘ना’ होतो, ते आपलं सामान्यरूप. तिकडेही अगदी तसंच: वडील फिन्बोगी, षष्ठीत फिन्बोगा, पुढे दोत्तिर म्हणजे मुलगी. (उच्चारात त्तच्या आधी ह-सारखा श्वास सुटतो.) दोत्तिर आणि संस्कृत दुहिता एकाच मुळातले; कोकणीतली धूव त्याच दुहितेतून आली. या फिन्बोगींच्या वडिलांचं नाव थोरवाल्दुर, म्हणून ते स्वतः थोरवाल्दसोन (सोन म्हणजे मुलगा). एकाच घरात बाप थोरवाल्दसोन आणि लेक फिन्बोगादोत्तिर, तर मग हे आडनाव कसं असेल? आईचं नावही लावता येतं. विग्दीसची मुलगी विग्दीसारदोत्तिर होईल. लग्नानंतर हे बदलत नाही. टेलिफोनची छापील यादीसुद्धा पहिल्या नावानेच लागत असे. म्हणून बातमीत दुसऱ्यांदा उल्लेख करताना नुसतं ‘विग्दीस’ लिहावं. त्यात अपमान नाही, तीच तिथली रीत आहे.

याच षष्ठीवर तिथला नामकरणाचा कायदाही उभा आहे. १९९६ च्या कायद्याप्रमाणे बाळाचं नाव सहा महिन्यांच्या आत ठेवावं लागतं, आणि तीनपेक्षा जास्त नावं ठेवता येत नाहीत. नाव मान्य यादीत नसेल, तर अर्ज नाव समितीकडे जातो. नावाला आइसलंडी षष्ठीचा प्रत्यय लागतो का, नाही तर ते आधीपासून रूढ आहे का, हे समिती बघते. प्रत्यय न लागणाऱ्या नावाच्या माणसाची लेक उद्या स्वतःचं नाव लिहिणार कसं, ही त्यामागची खरी अडचण.

गावोगावच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं आपल्या पुरवणीची कात्रणं वहीत चिकटवतात. ‘उजाडलेला दिवस’ त्यांच्या वहीत पक्का होण्याआधी त्याच पानावर, त्याच जागी शुद्धिपत्र छापावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
भाषेची एक शिक्षिका,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ